मोठ्या ब्रेकची गाडी

घाट उतरून आलेल्या गाडीची चाके पाजायची असतात, हे मला अक्षरओळख होण्याच्या आधीपासून ठाऊक होते. 'पाजणे' हाच शब्द आमच्याकडे होता. लांबून आलेल्या बैलाला पाणी दाखवावे, तसे चाकांना. घाटाच्या पायथ्याशी चहाचे एक हॉटेल होते. त्याच्या मागे बारमाही झरा, झऱ्याखाली सिमेंटची टाकी आणि टाकीच्या कठड्यावर रंगाचे रिकामे डबे. वरून येणारी प्रत्येक जीप तेथे थांबे. प्रवासी पाय मोकळे करत, ड्रायव्हर चहा घेत, आणि कोणीतरी डबा भरभरून चारही चाकांवर पाणी ओते. लोखंड चरचरे, पांढरी वाफ उठे, जळकट वास सुटे आणि गाडी पुढच्या खेपेला तयार होई. शाळेला सुट्टी असली की आमच्या जीपपुरते हे काम माझ्याकडे असे. वाफ तोंडावर यावी म्हणून मी मुद्दाम वाकून ओतत असे आणि वडील दर वेळी ओरडत, "तोंड भाजंल, मागं सर."

वडील घोडेगाव ते घाटावरची गावे अशी वडापची जीप चालवत. आमचे घर शिनोलीत, म्हणजे वाटेतच. एसटी दिवसातून दोनदा वर जाई. मधल्या वेळात माणसे, कोंबड्या, खताच्या पिशव्या, आजारी म्हातारे आणि बाळंतिणी यांची ने-आण जीपच करत. कागदावर गाडी नऊ माणसांची होती. नऊ माणसांत निघालेली गाडी मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही. पंधरा ही रोजची संख्या, बाजाराच्या दिवशी त्याहून अधिक, आणि टपावर पोती.

मी पुण्याला यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते, त्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. भाताची कापणी उरकली होती, वरच्या गावांतून तांदळाची पोती खाली येत होती. मी पुढच्या बाकावर वडिलांच्या शेजारी बसले होते. घाटाचे तिसरे वळण संपले आणि मला वडिलांचा गुडघा दिसला. ब्रेक दाबताना तो नेहमी थोडा वाकलेला राही. या वेळी पाय सरळ झाला, पार फळीला टेकला, आणि गाडीचा वेग तसाच राहिला. त्यांनी दुसऱ्यातून पहिला गियर ओढून घातला, इंजिन किंचाळले, मग गाडीची डावी चाके डोंगराकडच्या चारीत उतरवून पत्रा दरडीला घासू दिला. शंभरेक पावले घासत जाऊन गाडी थांबली.

मागे पंधरा माणसे होती. कोणीही ओरडले नाही. एक म्हातारा खाली उतरला, दरडीवर उमटलेला हिरव्या रंगाचा ओरखडा त्याने बोट लावून पाहिला आणि म्हणाला, "ह्या घाटाला दर साली एक तरी लागतंयच. आवंदा आपला लंबर न्हवता."

"तुमचा लंबर लागला तर घाटालाच पचायचा न्हाई, आबा," मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. अर्ध्या तासाने सगळे पुन्हा गाडीत बसले. दुसरी गाडी नव्हती.

मला त्या हसण्याचा राग आला. आपल्या माणसांच्या सहनशीलतेचा मला त्या वयात नेहमीच राग येई. ज्या गोष्टीला कारण आहे तिला नशीब म्हणणे हा मला आळस वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेतली. माणसांचे आणि पोत्यांचे वजन, घाटाची उंची, ब्रेकच्या ड्रममधल्या लोखंडाचे वस्तुमान. उतारावर जी ऊर्जा इंजिन अडवत नाही ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तिला जायला दुसरी जागाच नसते. आमच्या जीपला चारही चाकांना जुने ड्रम होते. ड्रम तापला की फुगतो, आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो, पट्ट्याही तापून गुळगुळीत होतात, आणि पेडल खोल जाते. यात नशिबाचा संबंध नव्हता. ब्रेक लहान होते.

उपायही गणितातच होता. त्याच कंपनीने नंतर एक जड मॉडेल काढले होते. त्याच्या पुढच्या चाकांना उघड्या डिस्कचे मोठे ब्रेक होते. डिस्क अधिक उष्णता पोटात घेते आणि उघडी असल्याने वाऱ्यावर लवकर निवते. त्या मॉडेलचा पुढचा आस आमच्या जीपला थोड्या फेरफाराने बसू शकेल, अशी माझी अटकळ होती. सुट्टी संपण्याच्या आत मी पुण्याच्या भंगार बाजारात दोन दिवस हिंडून अपघातात मागून चेपलेल्या एका गाडीचे पुढचे सगळे सामान शोधून काढले. महाविद्यालयाच्या कार्यशाळेतून मोजपट्टी मागून नेली होती. डिस्क आधी लेथवर घासून घेतलेल्या होत्या. किमान जाडीच्या मर्यादेत बसत होत्या, पण जेमतेम. 'जेमतेम' हा शब्द मी वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. नव्या डिस्क घ्यायला हव्यात, असे मात्र लिहिले नाही.

वडिलांना पटवायला मला फारसे बोलावे लागले नाही. "ब्रेक हायेत की," एवढेच ते म्हणाले.

"गार असतात तेव्हा आहेत, अण्णा. तापल्यावर नाहीत."

त्यांनी दरडीला घासलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि गाडी मंचरला मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री म्हणजे वडिलांचे जुने स्नेही. ते गॅरेजच्या दारात पाटावर बसूनच काम करत आणि चालू कामाची निंदा केल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. गोणपाटावर मांडलेले सामान पाहून त्यांनी मान हलवली. "ताई, गाडीला तिचंच लागतं. म्हशीची शिंगं शेळीला लावली म्हणून शेळी मारकी व्हत न्हाई."

"शिंगं नाहीत मिस्त्री, खूर बदलायचेत."

"भाऊ, तुमची पोरगी लई शिकली," ते वडिलांना म्हणाले. "आता तिला एक सांगा, शिकल्याली मानसं गाडीखाली निजत न्हाईत. कपडे खराब व्हत्यात."

मी गाडीखाली निजले. चार दिवस लागले. एक आधारपट्टी बसेना म्हणून नवी कापावी लागली. जुनी चाके मोठ्या डिस्कवर घासू लागली म्हणून मोठी चाके मिळवावी लागली. ब्रेकचे तेल ढकलणारा मुख्य पंप बदलावा लागला, कारण जुन्याला एवढे तेल पुरेना. शेवटी नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. मी पेडलवर आणि मिस्त्री चाकापाशी पालथे. "दाबा... धरा... धरा म्हन्लं ना, पाय कुठं गेला?... सोडा." असे दोनेक तास चालले. अखेरीस पेडल उंच आणि दगडासारखे झाले. मिस्त्रींनी स्वतः बसून गाडी अंगणात पळवली, थांबवली, आणि उतरून म्हणाले, "कापलं तर शेळीच निघंल, पर मारकी हाय खरी."

चाचणी मी नियमाने घेतली. पंधरा माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली. वडील चालवत होते, मी शेजारी वही घेऊन. प्रत्येक वळणावर पेडल किती खाली जाते ते मी पट्टीने मोजत होते. दोनदा उतरलो. माझ्याकडे ती वही अजून आहे. पहिल्या उताराची नोंद अशी: 'पेडल शेवटपर्यंत उंच. वास नाही. एका बाजूला ओढत नाही. पायथ्याशी चाके गार केली, पाच मिनिटे. पुन्हा वर.' दुसऱ्या उताराखाली फक्त एक शब्द आहे: 'यशस्वी'. वडिलांनी गाडी बंद केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाले, "आता ही हाताबाहेर कंदी जायाची न्हाई." मी होकार दिला.

पुढच्या महिन्यांत त्या गाडीची ख्याती झाली. 'मोठ्या ब्रेकची गाडी' असे तिला नावच पडले. दुसरे ड्रायव्हर वडिलांना चिडवत, "काय राव, इमानाचे ब्रेक लावलेत म्हनं. उतरताना पंख बी काढता का?" वडील मिशीत हसत आणि सांगत, "माज्या पोरीनं गणित करून बसवलेत." गणित हा शब्द ते देवाच्या नावासारखा उच्चारत.

माणसे आमच्या गाडीसाठी थांबू लागली. त्यांत घाटावरच्या एका वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई होत्या. चाळिशीच्या, बुटक्या, बोलक्या, काखेत रजिस्टरांची कापडी पिशवी. दर महिन्याला बैठकीसाठी त्यांना घोडेगावला यावे लागे. पूर्वी कधीतरी गाडी घाटात मागे घरंगळताना त्या आत होत्या, तेव्हापासून त्यांनी घाटाचा धसका घेतला होता. आता त्या दोन गाड्या सोडून देत, पण आमच्याच गाडीने उतरत, आणि पुढे दाराकडच्या बाजूलाच बसत. शिमग्याच्या सुट्टीत मी गेले होते तेव्हा त्यांनी मला मागच्या बाकावर पिटाळले. "ताई, ही माजी जागा. हितनं मला भाऊंचा पाय दिसतो. पाय दिसला की जीव भांड्यात पडतो." आणि उतरताना म्हणाल्या, "तुमच्या गणितावर जीव ठिवलाय बरं का. चुकलं तर येऊन कान धरीन."

"चुकणार नाही," मी म्हणाले. मला अतिशय आनंद झाला होता. परीक्षेतल्या गुणांपेक्षा तो आनंद मोठा होता.

त्याच प्रवासात मला आणखी काही दिसले होते, तेही लिहिले पाहिजे. गाडीत त्या दिवशी एकोणीस माणसे होती. वडील वळणाच्या फार जवळ आल्यावर ब्रेक दाबत होते, आणि पूर्वी दुसऱ्या गियरमध्ये उतरायचे ते आता तिसऱ्यात उतरत होते. मी म्हणाले, "अण्णा, वेग वाढलाय तुमचा." ते म्हणाले, "थांबती की आता." ते खरे होते. गाडी थांबत होती. मी जेवढी सुरक्षितता बसवली होती तेवढी सगळी त्यांनी वेगात आणि माणसांत खर्च केली होती, आणि ती माझ्या यशाची पावती आहे असे समजून मी गप्प राहिले.

श्रावणात भीमाशंकरची गर्दी असते. त्या महिन्यात वडील दिवसाला चार-चार खेपा करत. मी अंतिम वर्षाला होते. एका संशोधन संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी मुलाखत व्हायची होती आणि मी तिच्या तयारीत बुडाले होते. दुपारी वसतिगृहात फोन आला. मिस्त्री होते.

"ताई, गाडी लागली. भाऊ हायेत."

'हायेत' हा शब्द त्यांनी आधी उच्चारला, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. मी विचारले, "बाकीचे?"

"हात-पाय मोडलेत." मग ते म्हणाले, "अंगणवाडीच्या बाई गेल्या."

घडले ते असे. चौथ्या वळणाच्या आधी पुढच्या डाव्या चाकाची डिस्क फुटली. तिचा तुकडा उडाला, तेलाची नळी तुटली, आणि पेडल मोकळे झाले. एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला डोंगर. वडिलांनी पूर्वी केले तेच केले, गाडी डोंगरावर घातली. दुसऱ्या गियरमध्ये असती तर ती घासत थांबली असती. तिसऱ्यात होती, आणि वजन अधिक होते. डावी पुढची बाजू एका खडकावर आदळली. बाई त्यांच्या ठरलेल्या जागी बसल्या होत्या. तेथून त्यांना वडिलांचा पाय अखेरपर्यंत दिसत असणार.

वडिलांच्या तीन बरगड्या आणि डावा हात मोडला होता. रुग्णालयात हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाटेशेजारी उभी होते.

"हे असले ब्रेक कुनी बसवले?"

"म्या," वडील म्हणाले. "माज्या मनानं."

"कुनाला इचारून?"

"कुनालाच न्हाई."

मी तोंड उघडले. वडिलांनी माझ्याकडे न पाहता उजवा हात गादीवरून थोडा उचलला आणि पुन्हा ठेवला. हवालदार लिहीत होते. मी तोंड मिटले. हा प्रसंग मी पुष्कळदा तपासून पाहिला आहे. त्या हाताच्या खुणेने मला गप्प केले असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आले. खरे तर मला गप्पच व्हायचे होते आणि खूण सोयीची ठरली.

मिस्त्रींना डिस्कचा तुकडा चारीत सापडला होता. तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "बगा," एवढेच म्हणाले. या वेळी त्यांनी निंदा केली नाही, आणि ते अधिक लागले.

तो तुकडा मी आमच्या धातुशास्त्राच्या सरांकडे नेला. कुठला, कशाचा, हे सांगितले नाही. त्यांनी तो खिडकीशी धरला, भिंगातून पाहिला. त्यांना दोन मिनिटेही लागली नाहीत.

"हा एका दिवसात मोडलेला नाही. हे बघ, हा भाग काळा आणि गंजलेला, हा जुना तडा. महिनोन्महिने आत सरकत गेला आहे. एवढीच कड चकचकीत आहे, ती शेवटच्या क्षणी तुटली. आणि पृष्ठभागावर हे केसासारखे बारीक तडे, असे शेकडो आहेत." त्यांनी भिंग खाली ठेवले. "तापलेला असताना यावर पाणी पडत होतं का?"

मी म्हणाले, "हो."

"म्हणजे पाण्याच्या डबक्यातून वगैरे?"

"नाही. आमच्याकडे टाकतात. घाट उतरल्यावर."

"उघड्या डिस्कवर? तापलेल्या ओतीव लोखंडावर?" ते अविश्वासाने हसले. "मग कुणीतरी सांगायला हवं होतं त्यांना."

आमच्या गावात संध्याकाळी वीज हमखास जायची. कंदिलाची तापलेली काच ओल्या हाताने धरू नये, तडकते, हे आईने मला पाचव्या वर्षी बजावले होते. वरचा थर एकाएकी आकसतो, आतला फुगलेलाच राहतो, मधे ताण येतो, हे मी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आकृतीसह लिहून पूर्ण गुण मिळवले होते. ड्रमलाही पाणी चांगले नव्हेच. पण ड्रमची भिंत जाड असते, तिला फासळ्या असतात, पाणी बाहेरच्या बाजूला पडते. वर्षानुवर्षे तो सोसतो. डिस्क नागडी असते. ज्या पृष्ठभागावर ब्रेक घासतो त्याच तापलेल्या पृष्ठभागावर पाणी पडते. उष्णता, वजन, उंची, तेल, पंप, पेडल यांचा मी विचार केला होता. पाण्याचा केला नव्हता. ते मला दिसले नाही, कारण ते मला नेहमीच दिसत आले होते.

वडील घरी आले. हात गळ्यात बांधलेला, छातीला पट्टे. मी मुलाखतीच्या दोन दिवस आधी त्यांना भेटायला गेले. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. त्यांनी विचारले, "खरं सांग. गणित चुकलं व्हतं का?"

आज मला त्या प्रश्नात काय होते ते कळते. मी 'हो' म्हणाले असते तर त्यांनी मला तेथल्या तेथे माफ केले असते. ते त्यासाठी तयार होऊन बसले होते. पण मी एकवीस वर्षांची होते आणि माझे गणित चुकले असे कोणी म्हणावे, हे मला सोसवत नव्हते. शिवाय तांत्रिकदृष्ट्या ते चुकलेही नव्हते.

"गणित बरोबर होतं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतत होता तुम्ही, त्यानं तडे गेले."

"पान्यानं?"

"पाण्यानं."

ते हळू म्हणाले, "म्हंजी म्याच."

डिस्क जेमतेम जाडीची होती आणि ती मी निवडली होती. वेग आणि वजन वाढल्याचे मला दिसले होते. पाण्याविषयी बजावणे हे ब्रेक बसवणाऱ्याचे काम होते. तीन कारणे मला माहीत होती, तिन्हींत मी होते, आणि मी एकच सांगितले, ज्यात ते होते. 'म्हंजी म्याच' या वाक्यानंतर 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. मी चहा करायला आत गेले.

मुलाखत चांगली झाली. माझी निवड झाली.

वडिलांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. खटला काही वर्षे चालला, परवाना गेला, यातल्या कशालाच त्यांनी विरोध केला नाही. हात बरा झाल्यावर ते सकाळच्या एसटीने घाटाच्या पायथ्याशी जाऊ लागले. हॉटेलाच्या बाकावर बसत, आणि वरून जीप आली की उठून टाकीपाशी उभे राहत.

"वतू नका राव. तासभर थांबा. आपसूक गार व्हतंय."

"भाऊ, आमचे डरमचे हायेत. तुमच्यासारखे इमानाचे न्हाईत."

"डरमचे असले तरी बी."

"तासभर थांबून काय करायचं? भजन?"

मग ते डबे झुडपात लपवून ठेवू लागले. हॉटेलवाल्याने तक्रार केली. एका ड्रायव्हरने त्यांना ढकलले. आई फोनवर हे सगळे सांगे आणि विचारे, "तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील." मी म्हणे, जाऊ दे, त्यांचा वेळ जातो. मी त्यांना काय सांगणार होते? त्यांची ती फेरी माझ्या एका अर्ध्या वाक्यावर उभी होती.

दरम्यान माझे बरे चालले होते. माझा पहिला शोधनिबंध धातू वारंवार तापून निवल्याने पडणाऱ्या तड्यांवर होता. हाच विषय का निवडला, असे कोणी विचारले की मी उद्योगक्षेत्रातली त्याची उपयुक्तता सांगत असे. ऐकणाऱ्यांना उत्तर पटत असे.

त्या गोष्टीला सात वर्षे झाल्यावर मी स्वतःची गाडी घेऊन घरी गेले. वरच्या एका गावात नात्यातले लग्न होते. वडील म्हणाले, येतो. जाताना आणि येताना ते पुढे माझ्या शेजारी बसले. उतरताना ते रस्त्याकडे पाहत नव्हते, माझ्या पायाकडे पाहत होते. मी दुसऱ्या गियरमध्ये उतरले. चौथे वळण आले, गेले.

पायथ्याशी त्यांनी थांबायला सांगितले. मी दार उघडण्याच्या आत ते खाली उतरले आणि काठी टेकत पुढचे चाक आणि टाकी यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. भर दुपार होती, हॉटेलात गिऱ्हाईक नव्हते. मी स्वतःच्याच गाडीवर पाणी ओतेन, अशी त्यांना भीती होती. ते पाहिले आणि माझ्याच्याने राहवले नाही.

"अण्णा, पाण्याचं मी सांगायला हवं होतं. ते माझं काम होतं. तुमची चूक नव्हती ती."

त्यांनी विचारले, "कंदी सांगायचं व्हतं?"

"ब्रेक बसवले त्याच दिवशी. गाडी तपासली तेव्हा."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यात राग नव्हता. एखाद्याला आपण ओळखतो, पण तो आपल्याला ओळखत नाही, तेव्हा जसे पाहतात तसे.

"त्या दिशी तर तूच वतलं व्हतंस," ते म्हणाले. "वाळूची पोती घिऊन उतरलो तवा. डबा भरून आनलास आन् चारी चाकांवर वतलंस, ल्हानपनी वतायचीस तसं. म्या बगत व्हतो. मनात म्हन्लं, इचारावं का, नव्या ब्रेकला पानी चालतंय का. मंग म्हन्लं, हिनंच वतलं म्हंजी चालतच आसंल."

मला ते आठवत नव्हते. आणि मग आठवले, सगळे एकदम. डब्याची गंजलेली कडी, चरचर, वाकून तोंडावर घेतलेली वाफ. 'पायथ्याशी चाके गार केली, पाच मिनिटे.' ती ओळ मी शेकडो वेळा वाचली होती. कोणी केली, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

"तुम्हाला तेव्हाच आठवत होतं? ओसरीवर?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"परवा दिशी तुजी मुलाखत व्हती."

मी गाडीच्या बोनेटला टेकून उभी राहिले. वरून एक जीप आली, भरलेली. ड्रायव्हरने टाकीकडे जाऊन डबा उचलला. वडील वळले आणि म्हणाले, "वतू नका राव." त्याने ऐकले नाही. वाफ उठली आणि तो जळकट वास माझ्यापर्यंत आला. ती जीप गेली. आम्ही तेथेच थांबलो. अर्ध्या-पाऊण तासाने वडील खाली वाकले आणि त्यांनी माझ्या गाडीच्या चाकाजवळ उलटा हात धरून पाहिला.

"अजून हाय थोडं," ते म्हणाले. "थांब."